नियम क्रमांक तीन

७ जानेवारी, मंगळवार

मंजूर! मंजूर! मंजूर!

तीनदा लिहिलं, कारण चार वर्षांत सतरा अर्ज केले आणि सतराही वेळा ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ एवढंच उत्तर आलं. आज आरोग्य खात्याचं पत्र हातात पडलं. सार्वजनिक निधीतून आपल्या भागाला आठ डिफिब्रिलेटर. ‘माणसाचं हृदय एकाएकी थांबलं तर छातीला विजेचा झटका देऊन ते पुन्हा सुरू करणारं यंत्र’, हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की हिला, म्हणजे माझ्या बायकोला, ते तोंडपाठ झालंय. आणि वर्षभर कार्यक्रम नीट चालला तर पुढच्या टप्प्यात आणखी वीस!

तडक घड्याळवाल्याच्या दुकानात गेलो. हा माझा पन्नास वर्षांचा दोस्त. डोळ्याला भिंग लावून बसला होता. वर न बघताच म्हणाला, “वाच.” मी अख्खं पत्र वाचलं. मग त्याने भिंग काढलं. “आता तुझा पुतळा कुठे उभारायचा ते ठरव. फक्त माझ्या दुकानावर सावली पडू देऊ नकोस.”

आपल्या चौकातलं यंत्र वाचनालयातच लागणार, हे उघड आहे. मी तिथला मानद सचिव, शिवाय बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. शब्दकोशांच्या कपाटाशेजारची भिंत पुसूनसुद्धा ठेवली.

१४ जानेवारी, मंगळवार

अक्षर वाईट येतंय. येऊ दे.

जागा बघायला आरोग्य अधिकारी बाई आल्या. तिशीतल्या असतील, पण बोलणं तुकडे पाडल्यासारखं. मी पुसलेली भिंत दाखवली. त्यांनी विचारलं, “वाचनालय उघडं कधी असतं?”

“चार ते सात. सोमवारी बंद.”

“आणि सकाळी दहा वाजता कुणाला काही झालं तर?”

मी म्हणालो, वेळ वाढवण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. (तो सहा वर्षांपासून आहे, हे सांगायची गरज वाटली नाही.) बाई खिडकीतून समोर बघत होत्या. “ते सलून किती वाजता उघडतं?”

सलून भोपळ्याचं. भोपळ्या माझाच विद्यार्थी. आठवीत ‘हृदयाला कप्पे किती?’ या प्रश्नाला या महाभागाने उत्तर लिहिलं होतं, ‘माणसावर अवलंबून आहे.’ अख्ख्या पेपरात एक उत्तर बरोबर नव्हतं. मी शून्य दिलं, तेही पानभर मोठं काढून वर्गाला दाखवलं, आणि त्याचं नाव पडलं. आता चाळिशी उलटली, तरी सगळा चौक त्याला भोपळ्याच म्हणतो आणि तोही हाक मारली की हसत ओ देतो. माणसाला जरा तरी लाज असावी!

सकाळी सात ते रात्री नऊ. आठवड्याचे सातही दिवस. काचेचं दार, चौकाच्या तोंडावर. दहा मिनिटांत बाईंनी कागदावर त्याचं नाव लिहिलं. माझ्या अर्जावर, माझ्या चार वर्षांवर, भोपळ्याचं नाव! मला म्हणाल्या, “सर, तुम्ही सल्लागार.”

सल्लागार म्हणजे ज्याला कुणी विचारत नाही तो.

१६ जानेवारी, गुरुवार

मला राग आलेला नाही. मुद्दा तत्त्वाचा आहे.

२५ जानेवारी, शनिवार

यंत्र बसलं. भिंतीवर पांढरं कपाट, कुलूप नाही, आत लाल पिशवीत यंत्र. झाकण उघडलं की ते बाईच्या आवाजात काय काय करायचं ते सांगत जातं. भोपळ्याने लगेच त्याला ‘झटकेबाई’ नाव ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. इतक्या गंभीर यंत्राची ही विटंबना! पण अधिकारी बाईसुद्धा हसल्या.

फोटो निघाले. एका फोटोत मी आहे. म्हणजे कोपर आहे.

मग भोपळ्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, “मी काय बोलणार? सर चार वर्षं खात्याच्या मागे लागले म्हणून आज हे यंत्र आहे. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा.” लोकांनी वाजवल्या. पण कुणाकडे बघून? त्याच्याकडे! किती नम्र, किती साधा. माझं नाव घेऊन टाळ्याही यानेच खाल्ल्या. शाळेत बिनडोक होता, ही हुशारी कुठून आली कोण जाणे.

घड्याळवाल्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तुझ्या पोटात दुखतंय.”

मी म्हणालो, “सकाळपासून नीट खाल्लं नाही, त्यामुळे असेल.”

तो कितीतरी वेळ हसत होता. का ते कळलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

अधिकारी बाईंनी छाती दाबायचा सराव करायला रबरी बाहुला दिलाय. मी वाचनालयात व्याख्यान ठेवलं. हृदयाची रचना, रक्ताभिसरण, विद्युतवहन, मग शेवटी प्रात्यक्षिक. दोन तासांची नेटकी आखणी. सात जण आले. त्यातले दोघे पेपर वाचायला आले होते आणि एकाला उठता आलं नाही, कारण मी दाराशी उभा होतो. प्रात्यक्षिकाला तिघे उरले.

भोपळ्याने बाहुला नेला आणि सलूनमधल्या बाकावर ठेवला. नंबर येईपर्यंत बसून काय करता, दाबा! शंभर वेळा न थांबता दाबलं तर दाढीच्या रांगेत एक नंबर पुढे. लोक रांग सोडून बाहुल्याभोवती! भाजीवाली, पोस्टमन, बँकेतला कॅशियर. आणि सगळ्यांना तो ओरडून सांगतोय, “कोपर वाकवू नका, अहो, पोळ्या लाटताय का?”

आणि या सगळ्यात आमची ही! पदर खोचून दाबत होती.

घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, “अहो, तुम्ही चार वर्षं सांगत होतात, त्यातलं मला काही कळलं नाही. त्याने पाच मिनिटांत शिकवलं.”

जेवलो नाही. भूक नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी कुणीतरी शिस्त लावायला हवी. सरकारी मालमत्ता अशी बेवारशासारखी उघड्या कपाटात! मी सल्लागार आहे ना, मग सल्ला देतो. रात्री बसून अकरा कलमी नियमावली तयार केली, आज सुवाच्य अक्षरात लिहून काढली. त्यातला तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा: ‘नोंदवहीत तारीख, वेळ, नाव, कारण, यंत्राची स्थिती व सही, ही नोंद पूर्ण केल्याशिवाय यंत्र कपाटाबाहेर काढू नये.’ नोंदवहीला रकानेही मीच आखले.

वाटलं होतं, भोपळ्या कुरकुर करेल. केली असती तर बरं झालं असतं. उलट कागद दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाला, “सर, अक्षर अजून तसंच आहे हो तुमचं, फळ्यावरचं.” प्लास्टिकमध्ये घालून कपाटावर चिकटवलासुद्धा. नोंदवही दोरीने बांधून खाली अडकवली, पेनासकट.

घड्याळवाला म्हणाला, “अरे, घाईत सही कोण करत बसेल?”

“ज्याला शिस्त आहे तो.”

“बाईंना विचारलंस?”

प्रत्येक गोष्ट बाईंना काय विचारायची? मला काही कळतं की नाही?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अचानक तपासणीला गेलो. बघतो तर यंत्र कपाटाबाहेर, भोपळ्या फडक्याने पुसतोय, आणि वहीत नोंद नाही! सात-आठ गिऱ्हाइकं बसली होती. मी सगळ्यांसमोर त्याला नियम क्रमांक तीन मोठ्याने वाचायला लावला. मग म्हणालो, “नुसतं पुसायला काढलं तरी नोंद. कारण काहीही असो. कळलं?” त्याचे कान लाल झाले. एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला तसाच साबण होता, ते आरशातून बघत होतं.

“पुन्हा नाही होणार, सर,” म्हणाला. माझ्यासमोर नोंद केली. कारण: पुसण्यासाठी.

आज बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जिल्ह्याच्या बातमीपत्रात भोपळ्या. पाव पान. ‘वस्तरा आणि जीवनदान’. बाहुल्यावर दोनशेहून जास्त माणसं शिकली म्हणे, आणि खातं आता इतर सात ठिकाणीही हीच ‘सलून पद्धत’ नेणार आहे. पद्धत! नंबर पुढे लावण्याच्या लालचीला पद्धत म्हणतात! लोक त्याला आता गमतीने डॉक्टर म्हणून हाक मारतात. मी कुठल्या तरी परिच्छेदात असेन म्हणून दोनदा वाचलं. ‘स्थानिक ज्येष्ठ नागरिकांचे सहकार्य लाभले.’ ज्येष्ठ नागरिक म्हणजे मी.

महिनाभर केस कापायला दोन चौक पलीकडे जातो. तिथल्या पोराने मागून पायऱ्या पाडल्यात. ही म्हणाली, “अहो, कुणावर सूड घेताय, त्याच्यावर की स्वतःच्या डोक्यावर?” आणि खिदळत आत गेली. घड्याळवालाही हसला. माझ्याच बाजूचं एकही माणूस नाही या चौकात.

११ मार्च, मंगळवार

घड्याळवाला पडला.

सकाळी, दुकानात, काम करता करता. शेजारच्या स्टेशनरीवाल्या बाईंनी स्टूल पडल्याचा आवाज ऐकला. त्यांनी भोपळ्याला हाक मारली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. मी घरी पेपर वाचत होतो. कुणीतरी सांगत आलं, तसा चपला न घालताच धावलो.

पोचलो तेव्हा तो जमिनीवर होता आणि भोपळ्या त्याची छाती दाबत होता. घामाने निथळत, मोठ्याने आकडे मोजत. छातीवर दोन पट्ट्या चिकटवलेल्या. यंत्र म्हणालं, दूर व्हा. सगळे मागे झाले. माझ्या दोस्ताचं अंग एकदा उसळलं. भोपळ्या पुन्हा दाबायला लागला. मग तो ओरडला, “आले! ठोके आले!”

मी कोपऱ्यात उभा होतो. मला सगळं माहीत आहे, हृदयाचा प्रत्येक कप्पा, प्रत्येक झडप. मी नुसता उभा होतो.

दवाखान्यात अजून शुद्धीवर नाही.

१३ मार्च, गुरुवार

गेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय सुरू झालं होतं, पण तोवर मेंदूला फार वेळ रक्त मिळालं नव्हतं. मी विचारलं, फार वेळ म्हणजे किती? ते म्हणाले, “यात एकेक मिनिट मोलाचं असतं, सर.”

१६ मार्च, रविवार

वहिनींना, त्याच्या बायकोला भेटायला गेलो. तिथे आधीच भोपळ्या बसलेला, डोळे सुजलेले. वहिनी त्याचा हात धरून म्हणत होत्या, “तुझ्यामुळे मला दोन दिवस मिळाले रे. दोन दिवस मी त्यांच्या उशाशी बसले.” पन्नास वर्षांचा दोस्त माझा. आणि वहिनी हात धरतात कुणाचा?

मला म्हणाल्या, “या, बसा.” बस्स.

परत येताना स्टेशनरीवाल्या बाई दिसल्या. म्हणाल्या, “मी हाक मारल्याबरोबर तो ‘आलो’ म्हणाला, पण यायला वेळ लागला हो. तीन-चार मिनिटं तरी. मला एकेक क्षण युगासारखा वाटत होता, म्हणूनही असेल.”

सलूनपासून घड्याळाच्या दुकानापर्यंत मी आज पावलं मोजली. चाळीस. चाळीस पावलांना चार मिनिटं? काय करत होता हा? गिऱ्हाइकाची दाढी पुरी करत होता? आणि त्याचा उदोउदो चाललाय! माझा मित्र गेला आणि याचा उदोउदो!

१७ मार्च, सोमवार

आरोग्य खात्याच्या वरिष्ठांना पत्र टाकलं. वाचनालयाच्या संगणकावर टाइप केलं. फक्त वस्तुस्थिती लिहिली: अंतर चाळीस पावलं, विलंब चार मिनिटं, यंत्र सांभाळणाऱ्या व्यक्तीची पात्रता तपासली होती काय, असा नम्र प्रश्न. खाली ‘एक जागरूक नागरिक’. नाव घातलं नाही. मुद्दा महत्त्वाचा, माणूस नव्हे.

२७ मार्च, गुरुवार

मी एवढं मागितलं नव्हतं.

आज खात्याची गाडी आली आणि आठही ठिकाणची यंत्रं कपाटांसकट उचलून नेली. चौकशी पूर्ण होईपर्यंत कार्यक्रम स्थगित. पुढची वीस यंत्रंही अडकली. चार वर्षं मी ज्यासाठी जोडे झिजवले, ते सगळं दुपारपर्यंत एका गाडीत मावलं.

ही म्हणाली, “कुणी केली असेल हो तक्रार?”

“मला काय माहीत?”

तिने माझ्याकडे बघितलं आणि पोळ्या करायला गेली.

२ एप्रिल, बुधवार

चौकशी वाचनालयातच झाली. अधिकारी बाई, त्यांचा कारकून, भोपळ्या, मी. टेबलावर सलूनमधलं कपाट आणि नोंदवही.

बाईंनी वही उघडली आणि शेवटची नोंद वाचली. “अकरा मार्च. वेळ, दहा बेचाळीस. कारण, घड्याळवाले काका पडले. यंत्राची स्थिती, चांगली. सही.” मग वही आमच्याकडे वळवली. नोंदीच्या आधी कोरड्या पेनाचे ओरखडे होते. कागद फाटेपर्यंत गिरवलेलं.

“हे काय?”

“पेन उमटत नव्हतं, बाई. मग गल्ल्यातलं दुसरं शोधलं.”

“माणूस पडलाय आणि तुम्ही पेन शोधत होता?”

“आधी नोंद, मग यंत्र, बाई,” भोपळ्या म्हणाला.

“यंत्र काढण्याआधी नोंद करायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या सूचनांत असं काही नाही. कपाटाला कुलूपसुद्धा ठेवलं नव्हतं आम्ही.”

मी कपाटाकडे बघितलं. माझी नियमावली त्यावर नव्हती. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग तेवढे होते. यंत्र न्यायला गाडी आली, त्याआधी त्याने कागद काढून टाकला होता. चौकातल्या निम्म्या लोकांनी तो कागद बघितलाय, पण एकाच्याही तोंडून शब्द नाही. त्याने सांगून ठेवलं असणार.

“कुणी नाही सांगितलं,” तो म्हणाला. “माझंच डोकं.”

बाई म्हणाल्या, “नीट विचार करून बोला. चूक एका माणसाची असेल तर माणूस बदलून कार्यक्रम पुढे नेता येतो. नियमच चुकीचा घातला गेला असेल तर मला सगळं प्रकरण वर पाठवावं लागेल, आणि मग वीस यंत्रांचं काय होईल सांगता येत नाही.”

“चूक माझी, बाई. यंत्रं राहू द्या.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही सल्लागार. ही वही तुम्हाला माहीत होती?”

मी नाही म्हणालो.

४ एप्रिल, शुक्रवार

झटकेबाई वाचनालयात आली. शब्दकोशांच्या कपाटाशेजारी, जिथे मला हवी होती तिथेच. दुसरी जागा ठरेपर्यंत सांभाळणारा म्हणून माझं नाव. बाकीची सातही यंत्रं आपापल्या जागी परत. विसांचा प्रस्ताव पुढे सरकला. भोपळ्याला कार्यक्रमातून कायमचं काढलं.

ही म्हणाली, “हवं ते मिळालं ना? आता जेवा.”

आणि खरं सांगू का, इथे तरी खरं लिहितो, मला अजून त्याचा हेवा वाटतो. होय, हेवा. एकदाचा लिहिला तो शब्द. खोटं तोही बोलला आणि मीही बोललो. पण त्याने कसं खोटं बोलावं, आणि मी कसं! खोटं बोलण्यातही हा माणूस माझ्या पुढे गेला.

७ एप्रिल, सोमवार

वाचनालय सोमवारी बंद. पण यंत्र आत आणि दाराला कुलूप, हे मनातून जाईना. सकाळी सातला जाऊन दार उघडलं आणि एकटाच यंत्रापाशी बसलो. दहाला लघवीला जायचं होतं, तर वाटलं, नेमकं तेवढ्यात कुणी आलं तर? बाराला दार उघडं टाकून पळत गेलो आणि पळत आलो. समोर सलूनमध्ये गिऱ्हाइकं येत-जात होती. तो कुणाची तरी दाढी करत होता. भिंतीवर चार भोकं.

एक वाजता हिने डबा आणला. माझ्याकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. “असे किती दिवस बसणार आहात?”

मला रडू कोसळलं. हिच्यासमोर चाळीस वर्षांत रडलो नव्हतो. सगळं सांगितलं, ‘जागरूक नागरिक’सुद्धा. ती म्हणाली, “ते मला कळलं होतं. पण वहीबद्दल नाही म्हणालात?”

“म्हणालो.”

ती स्टुलावर बसली. डब्याचं झाकण काढून माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, “डबा खा आणि कागद घ्या. टाइप करू नका, हाताने लिहा.”

९ एप्रिल, बुधवार

अधिकारी बाईंच्या ऑफिसात दोन तास. पत्र दिलं. नियम क्रमांक तीन माझा, तक्रार माझी, वहीबद्दल खोटं बोललो तेही मी. खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

बाईंनी दोनदा वाचलं. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. “सर, तुम्हाला कल्पना आहे का, मला आता हे वर पाठवावं लागेल?”

“हो.”

दुपारी वरून फोन आला. आठ यंत्रं राहतील. नोंदवही रद्द, सल्लागार रद्द. आपल्या चौकातलं यंत्र परत सलूनमध्ये. पण वीस यंत्रांचा निधी या वर्षी नाही. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज, नव्याने विचार.

वीस चौक. वर्षभर. जिना उतरताना हाच हिशोब डोक्यात होता, की या वर्षात किती जण पडतील.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी सलूनमध्ये गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. भोपळ्या वस्तरा पुसत होता. मला बघून उभा राहिला, शाळेत राहायचा तसा.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तक्रार मी केली होती, हेही.

“माहीत होतं, सर. बाईंनी पत्र दाखवलं होतं. तुमच्याइतकी नेटकी वाक्यं या चौकात कोण लिहितं?”

“मग तू माझ्यासाठी खोटं का बोललास?”

“तुमच्यासाठी नाही बोललो.” आवाज चढला नव्हता, पण असा तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. “यंत्रांसाठी बोललो. तुमचा मला राग आलाय, सर. खूप आलाय.”

मी म्हणालो, “बरोबर आहे.”

तो खुर्चीचं हँडल पुसत राहिला. तेच ते, पुन्हा पुन्हा. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “एक विचारू? वहिनींना विचारवत नाही, डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही. तुम्ही विज्ञान शिकवलंत. ते पेन मी झटकत होतो ना, ते उमटत नव्हतं तेव्हा... काका वाचले असते का हो? मी वही सोडून पळालो असतो तर?”

बत्तीस वर्षं मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. हे उत्तर मला येत होतं.

“बहुतेक वाचला असता,” मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले.

“पण तू पळणार होतास. तुझे पाय पळणारच होते. मी सगळ्यांसमोर तुझे कान लाल केले, म्हणून तू थांबलास. त्याला मी मारलं. तू दोन दिवस दिलेस.”

तो खाली बसला, गिऱ्हाइकांच्या बाकावर, रबरी बाहुल्याशेजारी, आणि हमसून हमसून रडायला लागला. एवढा मोठा माणूस. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, कळेना. मग ठेवला. त्याने तो झटकला नाही.

कुणीतरी दार उघडून आत डोकावलं आणि हळूच परत गेलं.